जमिनीतलंच द्या

“हे झाड मेलं तर माझ्याकडं तक्रार घेऊन यायचं नाही. पण मरणार नाही. तुम्ही मारून बघा, साहेब,” असं म्हणत हमीदाभाभींनी जास्वंदीचं रोप ह्यांच्या हातात दिलं, आणि हे हसले.

चक्क हसले. दात दिसतील असे.

वैजू माझ्या कानाशी आली. “आई, बाबा हसले.”

“बघितलं मी.”

“मागं असे हसले होते, त्यानंतर आपण मुखेडला गेलो.”

“गप्प बस,” मी म्हणाले. पण मलाही मुखेडच आठवलं होतं.

माझे यजमान पाटबंधारे खात्यात कार्यकारी अभियंता होते. लग्न झाल्यापासून आम्ही धरणांच्या आणि कालव्यांच्या मागं हिंडत होतो. मुखेड, पैठण, अकोले, भोर... किती बिऱ्हाडं केली त्याचा हिशोब वैजू शाळांवर ठेवायची, मी फुटलेल्या बरण्यांवर. माणूस सरळ, कडक, कमी बोलणारा. बदलीचा हुकूम आला की मात्र ह्यांच्यात फरक पडायचा. आधी दोन दिवस भाजीला नावं ठेवायचे नाहीत. मग एखादं पातळ किंवा अर्धा किलो कंदी पेढे यायचे. आणि मग जेवता जेवता, “शकू, परभणीकडं हवा चांगली आहे म्हणतात,” असं काहीतरी बाहेर पडायचं.

म्हणून त्या दिवशी, गोकुळाष्टमीच्या सुट्टीला, सकाळी चहा पिता पिता हे म्हणाले, “चला, आज बागेला झाडं आणू,” तेव्हा मी आणि वैजूनं एकमेकींकडं पाहिलं.

कराडला गावाबाहेर आमचं छोटं घर बांधून झालं होतं. वैजूच्या कॉलेजासाठी आम्ही दोघी तिथं राहायला आलो होतो. हे सोलापूरकडच्या एका प्रकल्पावर. शनिवारी उशिरा यायचे, रविवारी दुपारच्या एस्टीनं परत. घरापुढच्या जागेत मुरूम, विटांचे तुकडे आणि गवंड्यांनी टाकून दिलेलं एक फुटकं घमेलं, एवढंच होतं. मी तिथं काही लावलं नव्हतं. पहिल्या बिऱ्हाडी मी जाईचा वेल लावला होता. तो मांडवावर चढला, पहिल्यांदा कळ्यांनी भरला, आणि आमची बदली झाली. पुढं कळलं की मागून आलेल्या बाईंनी म्हशीला जागा हवी म्हणून तो मांडवासकट काढला. तेव्हापासून मी फक्त झेंडू लावायची. दसऱ्याला फुलला, दिवाळीला वाळला, विषय संपला.

तर आता आम्ही कालव्याकडेच्या रोपवाटिकेत उभे होतो. हमीदाभाभी तिथल्या मालकीण. साडीवर पुरुषी शर्ट, पायात गमबूट आणि आवाज असा की कालव्यापलीकडची म्हैस मान वर करायची.

“ऊन कुठनं येतंय घरावर?” त्यांनी विचारलं.

ह्यांनी एक काटकी उचलली आणि चिखलात आराखडा काढायला बसले. ही पूर्व, हे फाटक, ही पायरी, इथून पाण्याचा उतार. मग मापं. मग उताराचं प्रमाण.

हमीदाभाभी कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. “साहेब, बाग करायचीय का धरण?”

“बाग,” हे गंभीरपणे म्हणाले. “अशी झाडं द्या, जी पटकन धरतील. फार लाड मागणार नाहीत. आणि वर्षानुवर्षं राहतील.”

“तुम्ही पाणी घालणार?”

“घालीन की.”

मी आणि वैजूनं पुन्हा एकमेकींकडं पाहिलं. आठवड्यातले सहा दिवस हा माणूस सोलापूरकडं. हे पाणी कोणत्या नळीनं घालणार होते?

“मला एक मोगरा द्या,” मी मध्येच म्हणाले. “पण कुंडीतला.”

“कुंडी नको,” हे म्हणाले. “जमिनीतलंच द्या.”

“अहो, कुंडी बरी पडते. उचलता येते.”

“उचलायचीय कुणाला?”

असं म्हणून हे पुन्हा हसले. आता मात्र माझी खात्री पटली. बदली झालीय, आणि लांब झालीय. इतक्या लांब की पेढ्यांनी भागणार नाही, अख्खी बाग द्यावी लागतेय.

“आई,” वैजू पुटपुटली, “जास्वंद म्हणजे साधारण बीड असेल का?”

“बीडला एक पातळ पुरलं असतं.”

“मग जास्वंद आणि मोगरा मिळून जालना.”

आणि तिथून तो खेळ सुरू झाला. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही दाबल्यामुळं उचकी लागली होती. हे एकेक झाड उचलायचे आणि आम्ही मायलेकी मागं उभ्या राहून नकाशावर पुढं सरकायचो.

“तगर घ्या,” हमीदाभाभी म्हणाल्या. “पांढरी, डबल. पूजेला रोज मिळंल. हिला काय लागत नाही. पाऊस आला तर खूश, नाही आला तर गप.”

“दोन द्या,” हे म्हणाले.

“हिंगोली,” वैजू म्हणाली.

“अबोली?”

“द्या. चांगली ओळभर द्या.”

“नांदेड.”

“सदाफुलीला तर मी पैसेच घेत नाही. एक लावा, पुढल्या वर्षी फरशीच्या फटीतनं पन्नास निघत्यात. मुरमात येती, दगडात येती, नवरा-बायकोच्या भांडणात येती.”

“गुलाबी आणि पांढरी, दोन्ही द्या.”

“यवतमाळ, आई.”

मग हमीदाभाभींनी कर्दळीचे कंद दाखवले. मातीनं भरलेले, आल्याच्या गड्ड्यांसारखे. ह्यांनी एक हातात घेऊन उलटा-सुलटा केला. “ह्याचं तोंड कुठलं?”

“तोंड कसलं साहेब? पुरा आणि विसरा. उलटा पुरला तरी वळून वर येतो.”

“हे बरं आहे,” हे म्हणाले आणि कंद बराच वेळ हातात धरून उभे राहिले. “हे फार बरं आहे. हे भरपूर द्या.”

कर्दळीला आम्ही वर्धा ओलांडली.

निशिगंधावरून थोडं वाजलं. ह्यांना हवा होता, हमीदाभाभी द्यायला तयार नव्हत्या. “मुरमात निशिगंध येत नाही, लिहून देते,” म्हणाल्या. हे म्हणाले, “आणीन मी.” त्या म्हणाल्या, “फुकट जाईल.” ह्यांनी तरी घेतला. (तो आला. पुढं त्या एकदा घरी आल्या तेव्हा फुललेला होता. त्याच्याकडं पाहून म्हणाल्या, “मी आधीच सांगितलं होतं, येतो म्हणून.”)

शेवटी ह्यांची नजर कोपऱ्यातल्या बोगनवेलीवर गेली. पुरुषभर उंच, राणी रंगाची, काटेरी, भडक. ह्यांना भडक काही आवडायचं नाही. माझ्या लाल काठांच्या पातळालाही ‘जरा जास्त होतंय’ म्हणणारा माणूस.

“ही,” हे म्हणाले.

वैजूनं माझा दंड घट्ट धरला. “आई, पुढं महाराष्ट्र संपतो गं.”

आमच्याकडं एक जुनी फियाट होती. तिच्या डिकीत तगर आणि जास्वंद बसली. टपावर काही ठेवायची सोय नव्हती. मागच्या सीटवर वैजू आणि तिच्या मांडीवर अबोलीची पाटी. माझ्या पायाशी कंदांचं पोतं, हातात मोगरा. बोगनवेल मागच्या खिडकीतून आत शिरून पुढच्या खिडकीतून बाहेर निघाली होती. मधल्या वाटेत ती ह्यांच्या कानाला, माझ्या केसांना आणि वैजूच्या ओढणीला धरून होती. हे गाडी चालवत होते आणि गुणगुणत होते.

माझ्या माहितीत ह्यांना एकही गाणं येत नव्हतं.

रेल्वेचं फाटक बंद होतं. गाडी थांबली. आमच्यामागं एक ट्रॅक्टर, दोन स्कूटर आणि एक उसाची रिकामी बैलगाडी येऊन उभी राहिली. मला आता राहवेना.

“कुठं?” मी विचारलं.

“काय कुठं?”

“बदली. कुठं झाली? एकदाचं सांगून टाका. ही सगळी झाडं माझ्या गळ्यात बांधून तुम्ही कुठं निघालात?”

ह्यांनी गुणगुणणं थांबवलं. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी मालगाडी आली.

इतकी लांब मालगाडी मी आयुष्यात पाहिली नव्हती. कोळशाचे डबे, तेलाच्या टाक्या, पुन्हा कोळसा. हे बोलत होते. मला ह्यांचे ओठ दिसत होते. हातवारे दिसत होते. एकदा ह्यांनी उजव्या हाताचं बोट लांब कुठंतरी दाखवलं, मग तो हात पालथा करून काहीतरी झटकून टाकलं, मग छातीवर ठेवला. मी ओरडत होते, “ऐकू येत नाही! अहो, ऐकू येत नाही!” आणि हे मान डोलवत पुढं बोलतच होते. मागून वैजू ओरडत होती, “काय म्हणतायत?”

गाडी गेली. ह्यांचं बोलणंही संपलं. “झालं एकदाचं सांगून,” असा चेहरा करून हे माझ्याकडं बघत राहिले.

“एक अक्षर ऐकू आलं नाही,” मी म्हणाले.

ह्यांचा चेहरा इतका पडला की वैजू मागं फिस्सकन हसली.

“चंद्रपूर,” हे म्हणाले.

“बघ!” वैजू म्हणाली. “मी म्हणाले नव्हते?”

“बढतीवर. अधीक्षक अभियंता.”

आता माझं हसूही गेलं आणि उचकीही. अधीक्षक अभियंता. हे शब्द आमच्या घरात इतकी वर्षं देवघरातल्या घंटेसारखे टांगलेले होते. ह्यांच्या बरोबरीचे दोघं त्या खुर्चीत बसून निवृत्तही झाले होते. दर वर्षी यादी निघायची, ह्यांचं नाव नसायचं, आणि त्या दिवशी हे जेवण झाल्यावर एकटेच फिरायला जायचे.

“मग?” मी म्हणाले. “मग पेढे कुठायत? आधी पेढे घ्यायचे सोडून...”

“नको म्हणून सांगितलं.”

फाटक उघडलं होतं. मागच्या ट्रॅक्टरनं हॉर्न दिला.

“काय सांगितलं?”

“मुख्य अभियंत्यांचा फोन आला होता. मी म्हणालो, मला बढती नको. कराडला सर्वेक्षणाचं कार्यालय आहे. तिथं कुणी जायला मागत नाही. जुने नकाशे आणि कबुतरं, बाकी काही नाही. ते द्या म्हणालो. मिळालं. एक तारखेपासून.”

स्कूटरवाला बाजूनं जाताना आत डोकावून म्हणाला, “ओ पाहुणं, गाडी हलवा की! का बाग इथंच लावताय?”

हे हलले नाहीत. मीही हलले नाही. मला आनंद झाला असेल असं तुम्हाला वाटेल. झाला नाही. मला संताप आला.

“मला न विचारता? एवढी मोठी गोष्ट, आणि परस्पर नाही म्हणून मोकळे झालात?”

“आजवर परस्पर हो म्हणत आलो, तेव्हा कुठं विचारलं होतं?” हे म्हणाले.

भांडणाच्या सुरात म्हणाले असते तर मी भांडले असते. पण हे अगदी हळू म्हणाले, पुढच्या काचेकडं बघत, कानात बोगनवेलीचं पान अडकलेलं असताना.

“का पण?” मी विचारलं.

“मागच्या शनिवारी मी लवकर आलो होतो. तुम्ही दोघी बाजारात गेला होता. फाटक लावलेलं होतं. मी कडी काढत होतो, तर शेजारच्या नव्या बाई कुंपणापाशी आल्या. म्हणाल्या, ‘कोण पाहिजे?’ मी म्हणालो, ‘हे घर...’ तर म्हणाल्या, ‘इथं मायलेकीच राहतात. बाहेर गेल्यात. काही निरोप असेल तर सांगा, मी देईन.’”

वैजू मागून पुढं वाकली.

“मग?”

“मग काय! म्हणालो, निरोप काही नाही. आणि एस्टी स्टँडवर जाऊन चहा पीत बसलो. तुमची यायची वेळ झाली तेव्हा परत आलो.”

ट्रॅक्टरवाला आता हॉर्नवरचा हात काढायलाच तयार नव्हता. आणि मला काय झालं ते मला अजून सांगता येत नाही. मला डोळ्यांपुढं दिसलं, कडक इस्त्रीचा शर्ट घातलेले, हातात बॅग धरलेले हे स्वतःच्या फाटकापाशी उभे आहेत, आणि अतिशय सभ्यपणे सांगतायत, निरोप काही नाही. मला हसू फुटलं. मी इतकी हसले की डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते पाणी नुसतं हसण्याचं नव्हतं हे ह्यांना कळलं असावं, कारण ह्यांनी खिशातून रुमाल काढून दिला. मग हेही हसायला लागले. वैजू मागून आमच्या दोघांच्या गळ्यात पडली, अबोलीची पाटी कलंडली, बोगनवेलीनं तिघांनाही ओरबाडलं. शेवटी ट्रॅक्टरवाला उतरून खिडकीशी आला. भांडायलाच आला होता. आत बघून गोंधळला.

“काय झालं?” त्यानं विचारलं.

“बदली झाली,” वैजू हसत-रडत म्हणाली.

“कुठं?”

“इथं!”

तो डोकं हलवत परत गेला.

गाडी पुढं निघाल्यावर मी विचारलं, “वाईट नाही वाटत?”

“वाटतं,” हे म्हणाले. “सकाळी फार वाटत होतं. कर्दळीपर्यंत वाटत होतं. बोगनवेलीनंतर जरा कमी झालं.”

घरी आल्याबरोबर ह्यांनी शर्ट काढला. जुना बनियन, गुडघ्यापर्यंत दुमडलेला लेंगा, डोक्याला माझा स्वयंपाकघरातला पंचा. आणि खणायला घेतलं. आमच्या मुरमात कुदळ शिरेना. ज्यानं डोंगर फोडून कालवे काढले तो माणूस एका तगरीच्या खड्ड्यापुढं घामाघूम झाला, कारण आजवर खणणारे दुसरेच होते. मी पाणी ओतायची, वैजू माती उपसायची, हे मध्येच थांबून दोरी लावून ओळ सरळ आहे का बघायचे. अबोलीची ओळ वाकडी झाली, काढून पुन्हा लावली. पुन्हा वाकडी झाली. तिसऱ्यांदा हे म्हणाले, “जाऊ दे, नदी तरी कुठं सरळ असते!” आणि खाली बसून हसत राहिले. चिखल ह्यांच्या कानापर्यंत गेला होता. वैजूच्या नाकावर होता. मी लुगडं खोचून उभी होते आणि आम्हाला तिघांनाही कशाचंही हसू येत होतं. कंद पुरला की हसू. कंद कुठं पुरला ते विसरलो की हसू. पन्नाशी उलटलेला माणूस, लग्नाला आलेली मुलगी आणि मी, दहीहंडीच्या पोरांसारखे भिजलेले आणि माखलेले. समोरच्या रस्त्यानं जाणारी माणसं मान वळवून बघत होती.

ऊन कलायला लागलं तेव्हा कुंपणापलीकडून आवाज आला.

“काय ताई, बाग करताय वाटतं?”

शेजारच्या त्याच बाई. बेलवलकर. नुकत्याच राहायला आलेल्या, पदर नीट, चेहरा चौकस. त्यांनी सगळ्या खड्ड्यांवरून नजर फिरवली, रोपांवरून फिरवली, आणि मग ती बोगनवेलीपाशी ओणव्या बसलेल्या, पंचा बांधलेल्या माणसावर येऊन थांबली.

“माळी चांगला मिळालाय हो तुम्हाला,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “मघापासून बघतेय, एकदा विडी ओढायला उठला नाही. आमच्याकडंही मागं जागा पडलीय. रविवारी येईल का, विचारता?”

वैजूनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं आणि ती जास्वंदीमागं बसली. मी ह्यांच्याकडं पाहिलं. माझ्या मनात आलं, आता हे उठतील, चष्मा पुसतील, कार्यकारी अभियंत्याच्या आवाजात आपलं नाव आणि हुद्दा सांगतील, आणि बिचाऱ्या बेलवलकरबाई आयुष्यभर आमच्या कुंपणाकडं फिरकणार नाहीत.

हे उठले. कमरेत उसण भरली होती, म्हणून हळूहळू उठले. हातातली माती झटकली. पंचा सोडून तोंड पुसलं, त्यानं चिखल फक्त सगळीकडं सारखा पसरला. कुंपणापाशी गेले आणि हात जोडले.

“येईन की,” हे म्हणाले. “हाक मारा फक्त. मी इथंच राहतो.”